मडच्या क्लायंटमध्ये देवनागरी वारंवार का बिघडते? निदानाचा क्रम आणि उपाय

इंदुरात मराठीतून चालणाऱ्या आमच्या मजकुरी खेळात नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येक खेळाडूकडून एकच तक्रार ऐकू येते: काल मराठी नीट दिसत होते, आज पुन्हा प्रश्नचिन्हे दिसत आहेत. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो, तो म्हणजे दुसरा फॉन्ट टाकून पाहा. फॉन्ट बदलताना खेळाडू क्लायंट, म्हणजे आपल्या संगणकावरचा खेळाशी जोडणारा प्रोग्रॅम, बंद करून पुन्हा उघडतो, सर्व्हरशी नवी जोडणी होते, त्या जोडणीत संकेतप्रणाली, म्हणजे अक्षरे आकड्यांत मांडण्याची पद्धत, पुन्हा नीट ठरते आणि मराठी दिसू लागते. श्रेय मात्र फॉन्टला मिळते. पुढच्या आठवड्यात तीच अडचण परत आली की तिसरा फॉन्ट शोधला जातो. फॉन्टचा संबंध या तक्रारींपैकी फार थोड्यांशी असतो, आणि तो केव्हा असतो हे पडद्याकडे नीट पाहिल्यास अर्ध्या मिनिटात कळते.

हे खेळ, ज्यांना सर्वजण मड म्हणतात, १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी सुरू केलेल्या खेळाचे वंशज आहेत. त्यांतले बहुतेक आजही टेलनेट या जुन्या जोडणी-पद्धतीवर चालतात, आणि टेलनेटचे प्रमाण १९८३ सालचे, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारा युनिकोड अस्तित्वात येण्यापूर्वीचे आहे. कोणत्या संकेतप्रणालीत बोलायचे हे दोन्ही टोकांनी आपसांत ठरवण्याची सोय, म्हणजे कॅरसेट हा टेलनेटचा ४२ क्रमांकाचा पर्याय, १९९७ साली आली आणि ती पाळणे कोणावरही बंधनकारक नाही. त्यामुळे सर्व्हर आणि क्लायंट एकमेकांबद्दल अंदाज बांधतात, आणि अंदाज चुकला की देवनागरी बिघडते.

खेळातील मराठी वाक्य आपल्यापर्यंत येताना चार ठिकाणी बिघडू शकते: सर्व्हरने बाइट पाठवताना, क्लायंटने ते बाइट वाचताना, अक्षरे पडद्यावर काढताना, आणि आपण लिहिलेल्या ट्रिगरशी (ठरावीक मजकूर आला की आपोआप आज्ञा चालवणाऱ्या नियमाशी) त्यांची तुलना करताना. तपासणी याच क्रमाने करावी. मधूनच सुरुवात केली की एक बिघाड दुसऱ्याला झाकतो.

लक्षण ओळखण्यासाठी एकच शब्द

चाचणीसाठी खेळातील कोणीही ‘इंदूर’ हा शब्द पाठवावा. पडद्यावर तीन अक्षरे दिसत असली, तरी युनिकोडच्या हिशेबाने या शब्दात इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार आणि र असे पाच संकेत आहेत. यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रचलित संकेतप्रणालीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणून शब्द एकूण १५ बाइटांचा होतो. आता पडद्यावर त्याच्या जागी काय आले आहे ते मोजावे.

मोजून पाच प्रश्नचिन्हे आली असतील, तर वाटेत कोणीतरी शब्द बरोबर वाचला होता आणि पुढे देताना तो देवनागरी न मावणाऱ्या संकेतप्रणालीत कोंबला. असा मजकूर कायमचा गेलेला असतो. आपल्या क्लायंटमध्ये कोणतीही सेटिंग बदलून तो परत मिळत नाही. तो बहुधा सर्व्हरकडेच गेलेला असतो, कारण आपला क्लायंट फक्त आस्की, म्हणजे रोमन अक्षरांपुरती जुनी संकेतप्रणाली, जाणतो असा सर्व्हरचा समज झालेला असतो.

पाचाऐवजी दहापेक्षा जास्त विचित्र चिन्हे आली असतील, तर बातमी चांगली आहे. बाइट सुखरूप पोहोचले आहेत, फक्त क्लायंट एकेका बाइटाला एकेक अक्षर समजत आहे. याची खूण सोपी आहे: डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए पुन्हापुन्हा येतो आणि त्याच्या पाठोपाठ चार टोके असलेले वाटोळे चलनचिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह येते. देवनागरीच्या प्रत्येक संकेताचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो, म्हणून ही जोडी दिसते. काही चिन्हे अदृश्य राहत असल्याने मोजणी पंधराला थोडी कमी भरू शकते, पण पाचाच्या जवळ येत नाही.

रिकामे चौकोन आले असतील, आणि तेच चौकोन नक्कल करून दुसऱ्या एखाद्या लेखन-प्रोग्रॅममध्ये चिकटवल्यावर ‘इंदूर’ असे नीट दिसत असेल, तरच दोष फॉन्टचा आहे. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत मंगल हे फॉन्ट मुळातच असतात. लिनक्सवर लोहित देवनागरी किंवा नोटो सान्स देवनागरी टाकावा. या लक्षणावर याहून जास्त बोलण्यासारखे काही नाही.

चौथे लक्षण फसवे आहे. परिच्छेद पूर्ण नीट दिसतो, पण मध्येच कुठेतरी एखादे अक्षर तुटून तिथे काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येते, आणि तोच मजकूर पुन्हा मागवला की ते नाहीसे होते. इथे तीन बाइटांचे एक अक्षर दोन पॅकेटांत, म्हणजे जोडणीवरून वेगवेगळ्या येणाऱ्या दोन गठ्ठ्यांत, विभागले गेलेले असते, आणि क्लायंट प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे वाचत असल्यामुळे दोन्ही अर्धे तुकडे त्याला निरर्थक वाटतात. लांब वर्णनांत हे अधिक होते. हा क्लायंटच्या रचनेतील दोष आहे. त्यावर अद्ययावत आवृत्ती घेणे किंवा क्लायंट बदलणे एवढाच उपाय आहे.

क्लायंटची मांडणी

नव्या खेळाडूला मी मडलेटच सुचवतो. तो विनामूल्य आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, आणि त्यातील स्क्रिप्ट लुआ भाषेत लिहिता येतात. प्रेफरन्सेसमध्ये सर्व्हर डेटा एन्कोडिंग असा पर्याय आहे. तो यूटीएफ-८ करावा. ही निवड प्रत्येक प्रोफाइलपुरती असते. एकाच खेळासाठी दोन पात्रांच्या दोन प्रोफाइल असतील, तर दोन्हींत ती करावी लागते, आणि ‘माझ्या एका पात्राला मराठी दिसते, दुसऱ्याला नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते.

टिनटिन प्लस प्लस हा टर्मिनलमध्ये चालणारा क्लायंट जुन्या लॅपटॉपवर, तसेच अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या टर्मिनल अ‍ॅपच्या साहाय्याने चांगला चालतो. त्यात हॅश चिन्हासह कॉन्फिग ही आज्ञा देऊन कॅरसेटचे मूल्य यूटीएफ-८ करायचे असते. ही आज्ञा चालू सत्रात दिली, तर ती त्या सत्राबरोबरच संपते. पुढचे सत्र पुन्हा मूळ मूल्यावर सुरू होते. म्हणून ती सुरुवातीच्या फाइलमध्ये, सर्व्हरशी जोडणाऱ्या ओळीच्या आधी लिहावी. टर्मिनलची स्वतःची संकेतप्रणालीही यूटीएफ-८ असायला हवी, अन्यथा क्लायंटने बरोबर दिलेला मजकूर टर्मिनल बिघडवतो.

मश्‌क्लायंट वापरणारे जुने खेळाडू आजही आहेत. त्याच्या आउटपुटच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ ची चौकट आहे आणि ती निवडल्यास येणारा मजकूर वाचता येतो. लिहिताना मात्र अडते. त्याचा आज्ञा लिहिण्याचा चौकोन जुन्या एएनएसआय पद्धतीचा, म्हणजे एका वेळी एकाच कोड पेजमधली (अक्षरांच्या एका ठरावीक तक्त्यातली) अक्षरे जाणणारा आहे, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी एएनएसआय कोड पेज कधी बनलेच नाही. रशियन, ग्रीक किंवा अरबीसाठी ते आहे. त्यामुळे आपण लिहिलेल्या मराठीची प्रश्नचिन्हे होतात. ज्यांना खेळात मराठीतून बोलायचे आहे त्यांनी या क्लायंटसाठी आटापिटा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुरुस्त केलेले पुन्हा का बिघडते

आमचा खेळ एव्हेनिया या पायथॉनमधील चौकटीवर चालतो. त्यात खेळाडू ऑप्शन या आज्ञेने आपली संकेतप्रणाली ठरवू शकतो, पण त्या आज्ञेला सेव्ह हा जोड दिला नाही, तर निवड त्या जोडणीपुरतीच टिकते. दुसऱ्या दिवशी प्रवेश केला की सर्व्हर पुन्हा स्वतःच्या अंदाजावर जातो. काल ठीक, आज बिघडले, या तक्रारीचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे, आणि उपायही एका शब्दाचा आहे.

सी भाषेत लिहिलेल्या, डिकूमड या जुन्या मडच्या घराण्यातल्या सर्व्हरवर वेगळे घडते. तिथे चालक खेळाडूंच्या जोडण्या न तोडता प्रोग्रॅम बदलतात. याला कॉपीओव्हर म्हणतात. जोडणी टिकते, पण त्या जोडणीवर टेलनेटने आधी काय काय ठरवले होते हे नव्या प्रोग्रॅमला ठाऊक असेलच असे नाही. खेळाडूच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते आणि अचानक प्रश्नचिन्हे सुरू होतात. अशा वेळी फक्त जोडणी तोडून पुन्हा जोडावी. एव्हेनियात जोडण्या सांभाळणारा पोर्टल हा वेगळा प्रोग्रॅम असल्यामुळे रीलोडनंतर हा त्रास होत नाही.

तिसरे कारण स्क्रिप्टच्या फाइलींत असते. ट्रिगर आणि संक्षेप (लांब आज्ञेऐवजी वापरायचे छोटे शब्द) यांची फाइल बाहेर नोटपॅडमध्ये लिहून क्लायंटमध्ये आणण्याची अनेकांना सवय आहे. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपूर्वी नोटपॅड नवी फाइल एएनएसआयमध्ये जतन करीत असे, आणि जतन करतानाच देवनागरीची प्रश्नचिन्हे होत. यूटीएफ-८ निवडले तर तो फाइलच्या आरंभी २३९, १८७ आणि १९१ हे तीन अदृश्य बाइट घालत असे. ते न ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला फाइलमधली पहिली आज्ञा अनोळखी वाटते. जुन्या संगणकावरून आणलेल्या फाइलीत फक्त पहिलीच ओळ चालत नसेल, तर संशय या तीन बाइटांवर घ्यावा.

शब्द दिसतो, पण ट्रिगर चालत नाही

येथवरचे सर्व ठीक असूनही एक तक्रार उरते, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी खेळाडूंना ती पुण्या-मुंबईच्या खेळाडूंपेक्षा अधिक भेडसावते. पडद्यावर वाक्य अगदी बरोबर दिसते, ट्रिगरमध्येही तेच वाक्य लिहिलेले असते, तरी ट्रिगर पेटत नाही. कारण असे की, डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी वेगळे असू शकतात, आणि इकडचे संगणक व फोन बहुधा हिंदीसाठी मांडलेले असतात.

आमच्या खेळातील ठिकाणांचीच उदाहरणे घेऊ. ‘राजवाडा’ हे दालन एकाने मराठी कीबोर्डवरून लिहिले, दुसऱ्याने हिंदी कीबोर्डच्या सुचवणीतून ‘राजवाड़ा’ असे निवडले. ड खालचा नुक्ता छोट्या अक्षरांत लक्षातही येत नाही, पण तुलनेत शब्द जुळत नाहीत. ‘सराफा’ आणि ‘सराफ़ा’ यांचेही तसेच. त्यातही एक पोटभेद आहे: नुक्ता असलेला ड़ एकाच संकेताने लिहिता येतो, किंवा ड आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो, आणि दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. युनिकोडचे प्रमाणीकरण केल्यास, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका ठरलेल्या लेखनात आणल्यास, ही दोन रूपे एक होतात. नुक्ता असलेला आणि नसलेला शब्द मात्र प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत, कारण ती खरोखरच दोन वेगळी अक्षरे आहेत.

कृष्णपुरा छत्र्यांच्या दालनात ‘तुम्ही पायऱ्यांवर उभे आहात’ असे वाक्य आहे. त्यातला ‘ऱ्या’ तीन प्रकारे लिहिलेला आढळतो. युनिकोडमधील ०९३१ क्रमांकाचा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडणे ही एक पद्धत. साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देणे ही दुसरी. या दोन्ही पडद्यावर सारख्या दिसतात. तिसऱ्या पद्धतीत हिंदी कीबोर्डवर लिहिणारा नुसता र, हलन्त आणि य देतो, तेव्हा रफार होऊन ‘पायर्या’ असे दिसते. पहिल्या दोन पद्धतींना प्रमाणीकरण एक करीत नाही. ‘अ‍ॅ’ आणि ‘ॲ’ यांचीही हीच गत आहे: अखंड ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीपासून अ ला अर्धचंद्र जोडून लिहिण्याची रीत होती, आणि दोन्ही रूपे आजही शेजारीशेजारी नांदतात.

आपल्या शब्दात नेमके कोणते संकेत आहेत हे पाहण्यासाठी शब्द लिब्रेऑफिस रायटरमध्ये चिकटवावा, संशयित अक्षरानंतर कर्सर ठेवावा आणि ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक दिसतो. पुन्हा दाबल्यावर अक्षर परत येते. अदृश्य जोडचिन्हही अशा रीतीने पकडता येते.

ट्रिगर लिहिताना तरी संपूर्ण वाक्य जुळवण्याचा हट्ट सोडावा. ‘तुम्ही पाय’ एवढ्या निर्विवाद तुकड्यावर ओळीच्या आरंभी जुळणी ठेवली आणि पुढे ‘उभे आहात’ जुळवले, तर मधल्या ऱ्याची कोणतीही पद्धत चालते. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे चिन्हांनी लिहिलेले जुळणीचे नमुने, वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. शब्द पकडण्यासाठी उलटी तिरकी रेघ आणि लहान डब्ल्यू लिहिण्याची सवय इंग्रजी खेळांतून आलेली असते, पण तो नमुना अक्षरे ओळखतो आणि काना, वेलांटी, हलन्त यांची गणना युनिकोडमध्ये अक्षरांत होत नाही. त्यामुळे खेळाडूचे नाव पकडताना पहिल्या मात्रेपाशीच जुळणी थांबू शकते. त्याऐवजी उलटी तिरकी रेघ आणि मोठा एस, म्हणजे ‘मोकळी जागा सोडून काहीही’, हा नमुना घ्यावा. मडलेटच्या लुआ स्क्रिप्टमध्येही नेहमीचे लांबी मोजणारे फंक्शन बाइट मोजते आणि ‘इंदूर’ची लांबी १५ सांगते, यूटीएफ-८ च्या संग्रहातील त्याच नावाचे फंक्शन ५ सांगते. नावे ठरावीक लांबीवर कापणारी स्क्रिप्ट पहिल्या फंक्शनवर बेतलेली असेल, तर अक्षर मध्येच तुटते.

माझ्या मते दालन ओळखणे किंवा पात्राचे बळ पाहणे अशा कामांसाठी मजकुरावर ट्रिगर लावूच नयेत. टेलनेटच्या २०१ क्रमांकाच्या पर्यायावर चालणारी जीएमसीपी ही सोय याच कामासाठी आहे. तिच्यातून सर्व्हर दालनाचा क्रमांक आणि पात्राची आकडेवारी पडद्यावर न आणता क्लायंटला वेगळी कळवतो. दालनाचा क्रमांक कोणत्याही कीबोर्डवर तोच राहतो. सर्व्हर ती देत नसेल, तर चालकाकडे मागणी करावी. मराठी खेळासाठी ती इंग्रजी खेळापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची आहे.

दालने लिहिणाऱ्यांसाठी दोन सूचना आहेत. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड वापरत असल्यास शिफ्ट धरून जे दाबल्यावर ऱ आणि एन दाबल्यावर ळ मिळतो. फोनवर हिंदीसोबत मराठी ही भाषा स्वतंत्रपणे जोडून घ्यावी. दुसरी सूचना कृतिदेव या जुन्या फॉन्टबद्दल. मध्य प्रदेशात टंकलेखन शिकलेल्या बऱ्याच जणांचा हात त्यावर बसलेला आहे, पण कृतिदेवमधला मजकूर म्हणजे आतून रोमन अक्षरेच असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो इतकेच. तो मजकूर तसाच दालनात चिकटवला, तर प्रत्येक खेळाडूला अर्थहीन रोमन अक्षरे दिसतील आणि कोणाच्याही क्लायंटचा त्यात दोष नसेल. आधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालून मगच चिकटवावा.

रूप आणि रुंदी

मडचे क्लायंट सारख्या रुंदीच्या घरांची जाळी कल्पून अक्षरे मांडतात. देवनागरी त्या जाळीत बसत नाही. जो क्लायंट प्रत्येक घरातील अक्षर वेगळे काढतो, त्याच्यात ‘क्ष’ किंवा ‘त्र’ फुटून हलन्त उघडा दिसू शकतो. युनिकोडच्या अक्षरसमूह तोडण्याच्या नियमांत भारतीय जोडाक्षरे अखंड ठेवण्याची तरतूद २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत झाली, त्यामुळे जुन्या क्लायंटकडून ती अपेक्षा करणे व्यर्थ आहे. रोमन चिन्हांनी काढलेल्या नकाशात मराठी नावे घातली की उभ्या रेघा सरकतात. नकाशात अंक ठेवून नावे खाली द्यावीत, किंवा मडलेटचा स्वतंत्र नकाशा वापरावा.

ओळी नेहमीच्या एक तृतीयांश रुंदीवरच तुटत असतील, तर तो फॉन्टचा किंवा खिडकीचा प्रश्न नाही. सर्व्हर ८० अक्षरांऐवजी ८० बाइटांवर ओळ तोडत आहे, आणि ८० बाइटांत देवनागरीचे जेमतेम २६ संकेत मावतात. सर्व्हरची रुंदी मोठी करून किंवा शून्यावर ठेवून ओळी तोडण्याचे काम क्लायंटकडे सोपवावे.

आपण लिहिलेले पलीकडे पोहोचत नसेल तर

आपल्या पडद्यावर आपले मराठी वाक्य नीट दिसते, पण इतरांना कचरा दिसतो, तेव्हा आपल्याला दिसणारे वाक्य हा आपल्याच क्लायंटचा प्रतिध्वनी असतो. ते पोहोचल्याचा पुरावा नसतो. सर्व्हर येणारा मजकूर लॅटिन-१, म्हणजे एका बाइटाला एक अक्षर मानणारी युरोपी भाषांची संकेतप्रणाली, समजून वाचत असेल, तर त्याला चूक झाल्याचे कळतही नाही, कारण लॅटिन-१ मध्ये कोणताही बाइट अवैध नसतो. काहीच पोहोचत नसेल आणि सर्व्हर रिकामी आज्ञा मिळाल्यासारखा वागत असेल, तर तो बहुधा सर्कलमडच्या वळणाचा जुना प्रोग्रॅम आहे. त्यात आस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट आत घेतानाच गाळला जातो, आणि क्लायंटमध्ये कितीही बदल केले तरी फरक पडत नाही.

अशा वेळी चालकाला कळवताना नुसता पडद्याचा फोटो पाठवू नये. क्लायंटचे नाव आणि आवृत्ती, त्यात निवडलेली संकेतप्रणाली, ‘इंदूर’च्या जागी किती आणि कोणती चिन्हे आली, पुन्हा जोडणी केल्यावर फरक पडतो का, आणि क्लायंटने जतन केलेली सत्राची लॉग फाइल, एवढे द्यावे. टिनटिनमध्ये टेलनेट डीबगचा पर्याय चालू करून घेतलेली लॉग फाइल असेल तर उत्तम. तिच्यात कॅरसेटबद्दल कोणी काय विचारले आणि कोणी नकार दिला, हे ओळीओळीने दिसते.